बॅलरॅटची सुवर्णभूमी

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियामध्ये बॅलरॅट येथे १८५१ साली सोने सापडले आणि देशोदेशींचे लोक तेथे लोटले. १९७० साली उघडलेल्या सॉव्हरिन हिल या संग्रहालयात तो काळ पाहावयास मिळतो. तेथील ओढ्यातील वाळू थाळीत घोळली, की हलकी माती वाहून जाते व जड सुवर्णकण तळाशी राहतात. प्रेक्षकांसही हे करून पाहता येते.

परंतु सोने मिळो वा न मिळो, खाणकऱ्यांना परवान्याचा कर द्यावाच लागे. मताधिकार मात्र नव्हता. या अन्यायाविरुद्ध त्यांनी युरेका येथे लाकडी कोट उभारला. ३ डिसेंबर १८५४ रोजी सैन्याने तो मोडला. तथापि पुढच्याच वर्षी तो परवाना जाऊन वार्षिक एक पौंडाचे हक्कपत्र आले व त्याबरोबर मताधिकारही लाभला. त्यांचा जीर्ण ध्वज बॅलरॅटमध्ये जपलेला आहे. तो पाहिल्यावाचून ही सहल पुरी होत नाही.