घसा दाखवताना काय सांगायचं

घसा दुखतोय म्हणून डॉक्टरकडे गेलं की ते आधी टॉर्च लावून बघतात, मग ‘थंड काही खाल्लं होतं का?’ असं विचारतात आणि गोळ्या लिहून देतात. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पण कंडोमशिवाय मुखमैथुन झालं असेल आणि त्यामुळे घशाची काळजी लागली असेल, तर ती गोष्ट आपण स्वतः सांगावी लागते. टॉर्चच्या उजेडात ती दिसत नाही. मला हे ज्या वाटेने कळलं त्या वाटेने कुणी जाऊ नये, म्हणून लिहिते आहे.

मी विरार पश्चिमेला आईबाबांबरोबर राहते, नोकरी अंधेरीला, लग्न झालेलं नाही. पावसाळा सरता सरता घरात सगळ्यांनाच सर्दी-खोकल्याने धरलं, तसा माझाही घसा धरला. आई हळद घालून दूध देत होती आणि मला झोप लागत नव्हती. थोड्याच दिवसांपूर्वी एकाशी माझा संबंध आला होता, आणि तोंडाने केलं तर काही होत नाही, अशी आम्हा दोघांचीही समजूत होती. आवंढा गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं. बाथरूमचं दार लावून, मोबाईलच्या उजेडात आरशात घसा बघायचा, हा रोजचाच क्रम झाला. पाण्याचा पेला वेगळा ठेवू लागले. ‘अगं, भांडी कशाला वेगळी करतेस?’ आई विचारायची, तेव्हा तिला काय सांगणार?

घशात गोळा अडकल्याची ती भावना नुसत्या काळजीनेही येते, हे मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. पेल्यातून, ताटवाटीतून गोनोरिया हा गुप्तरोग पसरत नाही, हेही.

जवळच्या डॉक्टरांनी घसा पाहिला आणि विचारलं, ‘लग्न झालंय का?’ मी ‘नाही’ म्हटलं आणि प्रश्न तिथेच संपले. आपल्याकडे बाईला लैंगिक संबंधांविषयी असंच विचारतात, आणि ‘नाही’ म्हटलं की पुढचं सगळं नसतंच असं धरलं जातं. अ‍ॅझिथ्रोमायसिनचा तीन गोळ्यांचा कोर्स मिळाला. चारचौघांसारखा माझाही घसा बरा झाला.

त्यानंतर, ज्याच्याशी संबंध आला होता त्याचा फोन आला. लघवीला जळजळ होतेय, पू येतोय, तपासणीत गोनोरिया निघालाय. जुन्या पिढीतले लोक ज्याला परमा म्हणत, तोच हा आजार. मी एका तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी लघवीची तपासणी लिहून दिली, ती स्वच्छ आली. खरं तर मी तिथेच थांबले असते. पण मैत्रिणीच्या आग्रहावरून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि या बाईंनी सरळ विचारलं, ‘संबंध कसा आला होता? तोंडाने?’ मी हो म्हटलं. त्यांनी घशातून स्वॅब घेतला, कोविडच्या वेळी घेत होते तसाच, आणि पीसीआरला पाठवला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. घसा तेव्हा जराही दुखत नव्हता.

डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढून जे समजावलं ते मला फार मोलाचं वाटतं. घशातला गोनोरिया बहुतेकांना जाणवतच नाही. माझा घसा दुखला तो बहुधा घरात फिरणाऱ्या विषाणूमुळे, आणि ज्यांची तपासणी व्हायला हवी होती ते जंतू गुपचूप बसलेले होते. म्हणजे दुखणं हा पुरावा नाही आणि दुखणं थांबणं हाही नाही. लघवीचा नमुना घशाबद्दल काहीच सांगत नाही. ज्या ठिकाणी संबंध आला त्या ठिकाणचाच नमुना लागतो. शिवाय घशातून हा जंतू घालवणं इतर जागांपेक्षा अवघड. तिथे औषध नीट पोचत नाही. या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद आपल्या घशात एरवीही राहत असतात, आणि त्यांच्याकडून औषधाला दाद न देण्याचे गुण तो उचलतो. अ‍ॅझिथ्रोमायसिनला न जुमानणारे गोनोरियाचे जंतू आता जगभर सापडतात. म्हणून स्टेशनरोडच्या मेडिकलमधून आणलेली पट्टी इथे उपचार ठरत नाही, उलट जंतूला आणखी बळ देते.

मला सेफ्ट्रायाक्सोनचं इंजेक्शन दिलं. ते कमरेत घेतात आणि चांगलंच दुखतं. त्यानंतर सात दिवस कुठलाही संबंध नाही. घशाच्या बाबतीत आणखी एक पायरी असते: इंजेक्शननंतर एक ते दोन आठवड्यांत पुन्हा स्वॅब. बरेच लोक ती टाळतात, कारण बरं वाटत असतं. पण आधीही बरंच वाटत होतं ना! माझा दुसरा स्वॅब निगेटिव्ह आला.

एचआयव्हीची भीती सगळ्यांत मोठी होती, तिच्याबद्दल मोजकंच सांगते. नुसत्या मुखमैथुनातून तो होण्याचा धोका फारच कमी असतो. दुसऱ्या प्रकारचा असुरक्षित संबंधही आला असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे पोचायचं, कारण प्रतिबंधक गोळ्या त्या मुदतीतच सुरू कराव्या लागतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. तेव्हाची तपासणी नव्या लागणीबद्दल काही सांगू शकत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. सिफिलिसचं, म्हणजे गरमीचं, रक्तही त्याच वेळी तपासून घ्यावं. तिचा पहिला फोड ओठावर किंवा तोंडातही येऊ शकतो आणि तो दुखत नाही.

जायचं कुठे, हा विरारकरांचा खरा प्रश्न. इथे डॉक्टर घरच्यांना ओळखतात, कंपाउंडर शेजारच्या इमारतीत राहतो. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते, आणि गुप्तरोगांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. आपल्याला जवळचं कोणतं, ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं. गावात नकोच वाटत असेल, तर नायर रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे, आणि विरारहून मुंबई सेंट्रलला गाडी बदलावी लागत नाही. सकाळी लवकर निघून केसपेपर काढायचा. एचआयव्हीची तपासणी आपल्या संमतीशिवाय करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त ठेवावा लागतो. २०१७ चा कायदा तसं सांगतो, तो २०१८ पासून लागू आहे.

विरारहून जाणाऱ्या याच रेल्वेमार्गावर, चर्नी रोडजवळच्या गिरगावात, र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यापायी कोर्टाच्या फेऱ्या केल्या, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. लैंगिक आरोग्यावर स्पष्ट मराठीत बोलण्यासाठी माणसांनी इतकं सोसलं आहे. दवाखान्याच्या बंद दाराआड आपल्याला एवढंच म्हणायचं असतं: ‘कंडोमशिवाय तोंडाने संबंध आला होता. घशाचा स्वॅब घ्याल का?’ जीभ वळत नसेल तर कागदावर लिहून पुढे करा. डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं, चारित्र्यावर प्रवचन दिलं, तर उठून दुसरीकडे जा. तपासणी मात्र सोडू नका.

आणि जोडीदाराला सांगा. मागच्या दोन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्या प्रत्येकाला. ‘माझ्या तपासणीत गोनोरिया निघालाय, तूही घशाची आणि लघवीची तपासणी करून घे,’ एवढा मेसेज पुरतो. कुणाकडून आला, याचा हिशेब त्यात नको, कारण लक्षणं नसलेला माणूस तो कित्येक आठवडे नकळत बाळगत असतो. त्याने मला फोन केला नसता, तर घसा बरा झाला म्हणून मी गप्प बसले असते. रागाच्या भरात मी तेव्हा त्याचे आभारही मानले नाहीत. नंतर मानले.