माजघरातली बंदूक

बिरवाडी,
खंडेनवमी

चि. बाळ,

परवा रात्री फोनवर तू इतक्या उत्साहाने बोलत होतास, की मध्येच अडवून तुझा हिरमोड करणं माझ्या जिवावर आलं. म्हणून पत्र लिहितो आहे. आज सकाळी कोयते, पहार आणि नांगराचा फाळ यांच्याशेजारी आजोबांची ठासणीची बंदूक पाटावर ठेवली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. पूजा करताना तुझंच बोलणं डोक्यात होतं. पुण्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये दिवे लावलेलं काचेचं कपाट, मधोमध ही आजोबांची बंदूक, एका बाजूला परदेशी बनावटीची दुनळी, दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्व्हर आणि पुढे जमेल तसं आणखी. त्यासाठी कर्ज काढायचीही तुझी तयारी आहे.

तुझी हौस मला परकी नाही. तुझ्या वयाचा असताना मीही बारा बोअरची दुनळी घेतली होती. तेवढे पैसे हातात नव्हते, म्हणून बांधावरचे सात साग विकले. ते तुझ्या पणजोबांनी लावलेले होते. बंदूक आली तेव्हा आठवडाभर लोक बघायला येत होते आणि माझी छाती फुगली होती. पुढे निवडणूक लागली, आचारसंहितेत ती ठाण्यात जमा करावी लागली. जमा करण्याआधी नळीला तेल द्यायचं मी विसरलो. दोन महिन्यांनी परत आली तेव्हा दोन्ही नळ्या आतून तांबूस झाल्या होत्या. चूक माझीच होती. पाच वर्षांत त्या दुनळीतून मी मोजून नऊ काडतुसं उडवली, तीही हवेत आणि मडक्यावर. शेवटी पडत्या भावात विकली. बांधावर त्या सागांचे खुंट अजून आहेत. पुढच्या वेळी आलास की दाखवीन.

आता व्यवहाराचं सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या. ज्यांच्याकडे जास्त होत्या त्यांना वर्षाच्या आत दोन ठेवून बाकीच्या जमा करायला सांगितलं होतं. म्हणजे आजोबांची बंदूक तुझ्या नावावर झाली, तर तुझ्या कपाटात फक्त आणखी एकीला जागा उरते. आणि नावावर करायची म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पाहुण्यांसमोर उजळलेलं काचेचं कपाट म्हणजे हत्यार सुरक्षित ठेवणं नव्हे, हे तुलाही पटेल. लग्नात, वरातीत हौसेने बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर त्याच दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या मित्रमंडळींना हे जरूर सांग.

ती परदेशी दुनळी तुला विकू पाहणारा दलाल एवढी किंमत का सांगतो आहे, हे कधी विचारलंस का? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसाला परदेशातून बंदूक मागवणं जवळजवळ बंद झालं. त्याआधी आलेल्या तेवढ्याच बंदुका हातोहात फिरतात. वेब्ली अँड स्कॉट असं नाव नळीवर असलं की भाव चढतो, मग आतून नळी कितीही झिजलेली असो. तुझे पैसे त्या टंचाईला जाणार आहेत, बंदुकीला नाही.

पण पैशापेक्षा मला ते हॉलमधलं कपाट खुपलं. त्याचं कारण जरा जुनं आहे.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी आपल्या डोळ्यांसमोरचा रायगड तोफा डागून घेतला. पुढे १८५७ नंतर त्यांनी लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय बंदूक ठेवणं गुन्हा झाला. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. तेव्हापासून आपल्याकडे परवान्याची बंदूक म्हणजे सरकारदरबारी वजन, असं समीकरण झालं. कोकणात खोताच्या ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी बंदूक भिंतीला टांगलेली असायची. ती डुकरासाठी नव्हती. अंगणात हात जोडून उभ्या असलेल्या कुळासाठी होती. थकलेल्या मक्त्याबद्दल बोलताना कुळाची नजर त्या भिंतीकडे जायची आणि त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. हे मला तुझ्या आजोबांनी सांगितलं, कारण अंगणात उभं राहणारे आपलेच होते. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्यानंतर आजोबांनी शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना काढला. बंदूक घरात आली तेव्हा आजीने विचारलं, ओटीवर खिळा ठोकू का? आजोबा म्हणाले, ओटीवर नको. तेव्हापासून ती माजघरात, पेटीत, जुन्या धोतरात गुंडाळून राहिली. गावातल्या कितीतरी लोकांना आपल्याकडे बंदूक आहे हे ठाऊकसुद्धा नव्हतं. ती तू दिवे लावलेल्या काचेत ठेवणार म्हणालास, तेव्हा मला झोप लागली नाही, ती यासाठी.

आपल्याच तालुक्यातलं फौजी आंबवडे बघ. पहिल्या महायुद्धापासून तिथली माणसं फौजेत जात आली, गावाच्या नावातच फौज आली. तिथले एक निवृत्त सुभेदार माझे स्नेही आहेत. आयुष्यभर रायफल हातात होती, पण त्यांच्या भिंतीवर पदकं आहेत, पलटणीचा फोटो आहे, बंदूक नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, गोळ्या मोजून घ्यायच्या, रिकाम्या पुंगळ्या मोजून परत द्यायच्या, ही सवय हाडात मुरली आहे, घरात हत्यार असलं तर मला रोज रात्री उठून मोजावं लागेल. मला त्यात त्यांचा अभिमान दिसला, आणि तो मला फार मोठा वाटला.

तुला संग्रहच करायचा असेल तर पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, एक दिवस सवडीने जा. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी हजारो वस्तू जमवल्या. अडकित्ते, दिवे, वाद्यं, दरवाजे आणि हत्यारंही. १९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं आणि पुढे सगळा संग्रह त्यांनी सरकारच्या स्वाधीन केला. हत्यारांपाशी थांबून तोड्याची बंदूक आणि चकमकीची बंदूक यांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येतो का ते बघ. रंजक कुठे पडते, ठिणगी कुठून येते, हे कळलं की वस्तू आपली होते. तिकिटापलीकडे त्याला खर्च नाही.

आणि नेम धरायचा असेल तर रायफल क्लबात नाव घाल. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक जिंकला, ४५१.४ गुण करून. त्यामागे एकाच प्रकारात वर्षानुवर्षं केलेला सराव होता. कपाटभर बंदुका असून त्यातलं काही साधलं नसतं.

जुलै २०२१ चा पूर तुला आठवतो. तळीयेला दरडीखाली माणसं गेली, त्यापुढे आपल्या घराचं काय सांगायचं. पण पाणी ओसरल्यावर माजघरातली पेटी उघडली तर बंदूक चिखलाने माखलेली. पहिल्यांदा ती रिकामी आहे का ते बघितलं. गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून बघायचा. टोक पार मागे, टोपी बसते तिथवर आलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे अडलं तर आत बार आहे. मग घोडा सोडवला, नळी दस्त्यापासून वेगळी केली, चुलीवरचं कढत पाणी नळीतून तीनदा ओतलं. पहिल्यांदा चिखल आला, मग काळं पाणी, मग स्वच्छ. गरम नळी आपोआप वाळते. गजाला चिंधी गुंडाळून तेलाचा हात दिला. दस्ता फुगला होता, तो उन्हात ठेवला असता तर तडकला असता, म्हणून पंधरा दिवस सावलीत ठेवला. या कामात माझे चार दिवस गेले आणि त्या चार दिवसांत आजोबा मला जितके आठवले तितके गेल्या वीस वर्षांत आठवले नव्हते.

ही बंदूक पुढेमागे तुझीच आहे, परवान्याचे कागद करायला मी तुझ्याबरोबर हवं तितक्या वेळा अलिबागला येईन. फक्त त्या दलालाला दिवाळीपर्यंत पैसे देऊ नकोस, कर्जाच्या कागदावर सही करू नकोस. दिवाळीला चार दिवस रजा काढून ये. माझ्यासमोर ती खोल, पूस, पुन्हा जोड. माझे डोळे आता बारीक कामाला पुरत नाहीत, घोड्याच्या सांध्यातला गंज मला दिसत नाही, तो तुलाच काढायचा आहे.

येताना पितळी तारांचा नळी घासायचा ब्रश मिळाला तर आण. इथे महाडला मिळाला नाही.

तुझा,
काका