पातूरचा जुना राजमार्ग आणि नदीकाठी थांबणारी वाट

जिल्ह्याचा इतिहास लिहिताना किल्ले, देवळे आणि लढाया यांची नोंद होते; रस्त्यांची क्वचितच होते. वास्तविक रस्ता आधी आणि गावाची भरभराट मागाहून, असे अनेक ठिकाणी घडले आहे. रेणुकामातेची टेकडी, डोंगरातील कोरीव लेणी आणि ज्यांच्या नावाने जुन्या कागदांत गावाला 'पातूर शेखबाबू' म्हटले जाई त्यांचा दर्गा, ही सारी स्थळे पातूरलाच का एकवटली, या प्रश्नातून मी प्रस्तुत अभ्यासाला सुरुवात केली.

उत्तर भूगोलात आहे. वऱ्हाडचे जुने भाग दोन : पूर्णेच्या खोऱ्यातील पाईनघाट आणि डोंगरावरील बालाघाट. पातूर या दोहोंच्या सांध्यावर, घाटाच्या पायथ्याशी वसले आहे. बऱ्हाणपूर, बाळापूर, पातूर, मेडशी, मालेगाव, वाशीम, हिंगोली आणि नांदेड ही नावे नकाशावर जोडून पाहावीत. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारी जवळजवळ सरळ वाट डोळ्यांसमोर उभी राहते. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. म्हणून या दिशेची वर्दळ मोगलांपूर्वीचीच असावी, असे मला वाटते. आजचा अकोला–पातूर–वाशीम–हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग १६१ बव्हंशी तीच दिशा धरून जातो.

परंतु ही वाट अखंड होती असे समजू नये. बऱ्हाणपूरला तापी, वाशीमपुढे पैनगंगा आणि नांदेडला गोदावरी अशा तीन ठिकाणी ती नदीकाठी येऊन थांबे. नांदेडला नदी ओलांडताना गाडीमागे कर भरावा लागे, हे सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहीर-व्यापारी ताव्हर्निये याने नमूद केले आहे. १७०८ साली बादशहा बहादूरशहाच्या सैन्याने जूनमध्ये तापी ओलांडली. नांदेडला ते पोचले ऑगस्टअखेरीच्या सुमारास. अंतर तीनशे किलोमीटरहून थोडे अधिक. गुरू गोविंदसिंग याच प्रवासात नांदेडला आले. विलंबामागे राजकारणही असेल. पण भर पावसाळ्यातील काळी माती आणि दुथडी भरलेल्या नद्या यांनाही त्यात वाटा द्यावा लागेल.

अशी वाट शोधायची कशी? मला उपयोगी पडलेले सूत्र असे. बैलगाडीला पात्र रुंद, पाणी उथळ आणि तळ खडकाळ लागतो. त्या जागेला आपण उतार म्हणतो. नावेला याच्या उलट, म्हणजे खोल आणि संथ पाणी हवे असते. पुलाला तिसरीच जागा सोयीची : काठ उंच, पात्र अरुंद, पाया पक्का. म्हणून एकाच रस्त्याला नदीजवळ तीन तोंडे फुटलेली असू शकतात : उन्हाळी, पावसाळी आणि पुलाची. डांबरी सडकेवरून पुलावर उभे राहून जुनी वाट दिसत नाही. पुलाच्या अलीकडे जिथे सडक किंचित वळते, तिथे सरळ पुढे गेलेली पांदण शोधावी. चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने ती शेताच्या पातळीखाली खचलेली असते. काठावर जुनी चिंच, विहीर, महादेवाचे देऊळ किंवा एखादा तकिया आढळला तर खूण अधिक पक्की होते; कारण पूर ओसरेपर्यंत माणसे तिथेच मुक्काम करीत.

नदी ही राज्यांचीही सीमा असे. १८५३च्या तहानंतर वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पैनगंगा ही दक्षिणेकडे निजामी मुलखाची बरीचशी सीमा झाली. हिंगोलीच्या वाटेवरील कन्हेरगाव नाका या गावाच्या नावात हा इतिहास अजून ऐकू येतो. शेजारच्या मध्य प्रांतात तर १८७८च्या कायद्याने सरकारी तरीचे उत्पन्न लिलावाने मक्त्यास देता येई. म्हणजे नदी ओलांडणे हा प्रवासाचा भाग होता, तसाच तो सरकारी उत्पन्नाचाही होता.

हा सारा भूतकाळ झाला, असे कोणी म्हणेल. गोव्यात १९८३ साली झुआरीवर पूल झाला, तोवर आगशी–कुठ्ठाळी दरम्यान वाहने फेरीबोटीतून जात. आणि ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळताच पणजीकरांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. आपल्या जिल्ह्यातही २०२२ साली गांधीग्रामचा पूर्णेवरील जुना पूल धोकादायक ठरून वाहतुकीस बंद झाला आणि अकोट–अकोल्याच्या प्रवाशांना लांबचा वळसा पडला. पूल गेला की नदी पुन्हा आपल्या जागी येते. अशा वेळी उतार कुठे होता आणि नाव कुठे लागत असे, हे ठाऊक असणारा माणूस गावात उरलेला नसतो.

महामार्गाच्या रुंदीकरणात जुने मैलाचे दगड आणि झाडे जात आहेत; शेतांच्या सपाटीकरणात पांदणी बुजत आहेत. उतार पाहिलेली पिढी तर त्याहून वेगाने कमी होत आहे. तेव्हा माझ्या विद्यार्थी-मित्रांना एवढीच विनंती : या सुट्टीत आपापल्या गावच्या वडीलधाऱ्यांना विचारा, पूल नव्हता तेव्हा तुम्ही नदी कुठून ओलांडत होता? मिळालेले उत्तर जागेच्या खुणांसह वहीत उतरवा. अशा पन्नास वह्या जमल्या, तर वऱ्हाडातील रस्त्यांचा इतिहास लिहायला आरंभ करता येईल.