दूध घेताना फॅट मोजतो, प्रथिने कोण मोजणार?

बोईसर स्टेशनपासून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आणि इकडे पालघरच्या बाजारपेठेत जे हॉटेलवाले, मिठाईवाले, दही-पनीर-माव्याचे छोटे कारागीर आहेत, त्यांना दूध घेताना एकच प्रश्न विचारायची सवय आहे: "फॅट किती?" भाव फॅटवर ठरतो आणि मलई डोळ्यांना दिसते, तेव्हा ते स्वाभाविकच आहे. पण दही घट्ट बसते, पनीर जमते, ते मुख्यतः दुधातल्या प्रथिनांमुळे. फॅट बरोबर मिळाले म्हणून निर्धास्त राहणारा कारागीर रोज थोडे थोडे गमावत असतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. हा हिशेब मांडण्यापूर्वी आपल्या देशात दुधाचे आणि त्यातल्या प्रथिनांचे काय झाले ते थोडक्यात पाहू.

१९५०-५१ साली देशात सुमारे १ कोटी ७० लाख टन दूध निघत होते. दर माणशी, दर दिवशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. पुढची अठरा वर्षे दूध थोडे वाढले, पण माणसे त्याहून अधिक वाढली. १९६८-६९ साली हा वाटा ११२ ग्रॅमपर्यंत खाली आला. गाय-म्हैस मिळून दुधात सरासरी साडेतीन टक्के प्रथिने धरली, तर माणशी रोजची जेमतेम ४ ग्रॅम. मुंबईसारख्या शहरात तर दुधाची टंचाईच होती. त्यावर दारा खुरोडी यांनी जी युक्ती काढली ती आपल्या धंद्यातल्या माणसाने समजून घेण्यासारखी आहे. म्हशीच्या दुधात पाणी आणि मलई काढलेल्या दुधाची पावडर मिसळून त्यांनी 'टोन्ड' दूध केले. फॅट ३ टक्क्यांवर आले, पण प्रथिने टिकली, कारण ती पावडरीतून भरून निघाली. थोडक्यात, महाग फॅट पातळ केले आणि स्वस्त प्रथिने सर्वांपर्यंत पोहोचवली. खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीज कुरियन यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या भागाचाही या कथेत वाटा आहे. मुंबईचे तबेले शहराबाहेर हलवावेत म्हणून सरकारने डहाणू तालुक्यात दापचरी येथे दुग्ध प्रकल्प उभारला. महामार्गाने जाणाऱ्यांना तो ठाऊक आहे. पुढे तो चालला नाही. दूध वाढले ते दुसऱ्या मार्गाने, गावोगावच्या सहकारी संस्थांतून. १९७० साली 'दूध महापूर' योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात युरोपातून भेट आलेली १ लाख २६ हजार टन दूध पावडर आणि ४२ हजार टन बटर ऑइल यांपासून दूध तयार करून शहरांत विकले आणि त्या पैशांतून संस्था उभ्या केल्या. योजना १९९६ साली संपली. १९९०-९१ मध्ये माणशी दूध १७६ ग्रॅम झाले होते, २०२३-२४ मध्ये ते ४७१ ग्रॅमवर गेले. एकूण उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन, जगात पहिला क्रमांक. प्रथिनांच्या भाषेत ४ ग्रॅमवरून १६ ग्रॅम. ६५ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा.

अर्थात ही सरासरी आहे. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. आणि ज्या जिल्ह्यात आपण दुकान मांडून बसलो आहोत, त्याच्याच जव्हार तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली. तेव्हा तो तालुका ठाणे जिल्ह्यात होता. देशात दूध वाढले म्हणजे प्रत्येक घरात पोहोचले, असे कोणी समजू नये.

आता कारखान्यातला हिशेब. गाईच्या चांगल्या दुधात साधारण ३.२ टक्के आणि म्हशीच्या दुधात ३.८ टक्के प्रथिने असतात. म्हशीच्या १० किलो दुधात ३८० ग्रॅम. नीट काम केले तर त्यातली सुमारे ३६० ग्रॅम पनीरात उतरतात. पनीरात प्रथिने साधारण १८ टक्के, म्हणून पनीर निघाले २ किलो. गाईच्या दुधाचे हेच गणित पावणेदोन किलोच्या आत थांबते. आता दहा किलोत एक किलो पाणी आहे असे समजा. प्रथिने उरली ३४२ ग्रॅम, पनीर निघाले १ किलो ८०० ग्रॅम. रोज शंभर किलो दूध घेणाऱ्याचे दिवसाला दोन किलो पनीर गेले. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शीरखुर्म्यासाठी दुधाची मागणी एकदम वाढते आणि पाण्याचा मोह तेव्हाच जास्त होतो.

काही जण म्हणतील, आम्ही एसएनएफसुद्धा पाहतो. चांगली गोष्ट, पण एसएनएफ म्हणजे प्रथिने नव्हेत. गाईच्या दुधातल्या साडेआठ टक्के एसएनएफमध्ये प्रथिने सव्वातीनच्या आत, बाकी साखर (लॅक्टोज) आणि क्षार. पाणी घालून वर साखर किंवा युरिया मिसळला की लॅक्टोमीटरचा आकडा पुन्हा चढतो, पनीर मात्र चढत नाही. प्रयोगशाळाही फसते. प्रथिने मोजण्याच्या जुन्या पद्धतीत नायट्रोजन मोजतात. चीनमध्ये याचाच फायदा घेऊन दुधात मेलामाइन मिसळले गेले. २००८ साली ते उघड झाले तेव्हा सहा बालके मेली होती आणि सुमारे तीन लाख आजारी पडली होती. त्याच वर्षी भारताने चीनच्या दुग्धपदार्थांची आयात बंद केली.

दूध चांगले असूनही प्रथिने आपल्याच हातून वाया जातात, हा दुसरा प्रकार. दुधातली सुमारे ८० टक्के प्रथिने केसीनची असतात, ती आंबटाने लगेच गोळा होतात. उरलेली २० टक्के नुसत्या आंबटाने जमत नाहीत आणि पाण्याबरोबर मोरीत जातात. दूध ९० अंशांपर्यंत तापवून काही मिनिटे तसेच ठेवले, की ती केसीनला चिकटतात. मग ७०-७५ अंशांवर आणून लिंबूसत्त्वाचे पाणी हळूहळू सोडावे. घाईत अर्धवट तापलेले दूध फाडणारे बरेच आहेत. गॅस वाचतो, पण वजन जाते. सुटलेले पाणी स्वच्छ, हिरवट-पिवळे दिसले तर काम बरोबर झाले. ते दुधाळ असेल तर तुमचे पनीर त्या पाण्यात आहे.

वनस्पती तेल आणि पावडर वापरून केलेला पनीरसारखा पदार्थ बाजारात स्वस्त मिळतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमांनुसार तो पनीर म्हणून विकता येत नाही. लेबलवर तसे लिहावे लागते. आपल्याकडे कोणी असा माल 'हॉटेल क्वालिटी' म्हणून आणला तर बिलावर काय लिहिले आहे ते आधी वाचावे.

महिनाभर एक साधी वही ठेवून पाहा. प्रत्येक दूधवाल्याच्या दुधातून आठवड्यातून एकदा वेगळे १० किलो घ्या, एकाच पद्धतीने तापवा, एकाच वजनाखाली दाबा, मग पनीर तोला. तारीख, दूधवाल्याचे नाव, फॅट, पनीराचे वजन आणि पाण्याचा रंग, एवढे पाच रकाने पुरतात. पुढच्या महिन्याचा भाव ठरवायला बसताना ती वही समोर ठेवा. ज्याचे फॅट थोडे कमी पण पनीर जास्त, त्याला लिटरमागे रुपया जास्त देणेही परवडते.