शाळेच्या सुरक्षेचा हिशोब सरकारी कार्यालयाकडून कसा मागावा

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवायला गेलेल्या पालकांना पोलिस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत ठेवलं गेलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि बदलापूरची रेल्वे दिवसभर बंद पडली. दुसऱ्याच दिवशी शालेय शिक्षण विभागाचा शासन निर्णय (जीआर) निघाला: महिन्याभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती. यातली सखी सावित्री समिती नवी नव्हतीच. तिचा जीआर 10 मार्च 2022 चा, म्हणजे बदलापूरच्या जवळपास अडीच वर्षं आधीचा. नियम होते. ते पाळले जातात का हे बघायला कोणता अधिकारी कधी गेला, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. ते विचारण्याची ही कृती, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या पालकांसाठी.

आधी एक गोष्ट वेगळी काढा. एखादं मूल काही सांगत असेल किंवा तसा नुसता संशय असेल, तर खालचं काहीही करत बसू नका. सरळ पोलिसांकडे जा, 112 किंवा 1098 लावा. पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारक आहे, त्याला शाळेची परवानगी लागत नाही. मुलाचं नाव, वर्ग, फोटो पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आता कामाला लागू. 21 ऑगस्ट 2024 चा जीआर महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून छापून घ्या आणि चार-पाच पालकांनी एकत्र बसून वाचा. वाचताना पेन्सिलीने प्रत्येक कलमासमोर लिहा: हे करायचं कुणी आणि तपासायचं कुणी? मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा सीसीटीव्हीचं चित्रण पाहायचं आहे, हे बऱ्याच पालकांना तिथेच पहिल्यांदा कळतं. बदलापूरच्या शाळेतलं 15 दिवसांचं चित्रणच मिळत नसल्याचं तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितलं होतं. म्हणून ‘कॅमेरे आहेत का’ या प्रश्नावर थांबू नका. किती दिवसांचं चित्रण साठतं, ते कोण पाहतं, पाहिल्याची नोंद कुठे होते, हे विचारा. (स्वतः चित्रण मागू नका, त्यात इतरांचीही मुलं असतात.)

मग शाळेत जा, पण भांडायला नको. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हे मुद्दे मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. शिपाई, सफाई कामगार, सुरक्षारक्षक बहुधा ठेकेदाराचे असतात, आणि नेमकी त्यांचीच पडताळणी राहून जाते. तेव्हा ‘सर्व कर्मचाऱ्यांची झाली आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. ठेकेदाराच्या माणसांचं वेगळं विचारा. शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांकही टिपून घ्या, पुढे लागेल.

खरं काम इथून पुढे आहे. शाळेचं उत्तर काहीही येवो, सरकारने ते स्वतः पडताळलं का, हा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागतो. प्राथमिक शाळा असेल तर ठाण्यात ठाणे महापालिकेच्या आणि कल्याण-डोंबिवलीत केडीएमसीच्या शिक्षण विभागाचे जन माहिती अधिकारी. माध्यमिक असेल तर ठाणे जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालय. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) खाली त्या कार्यालयाने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसणारा हवा. मजकूर असा ठेवा:

“शालेय शिक्षण विभागाच्या दि. 21.8.2024 च्या विद्यार्थी सुरक्षेबाबतच्या शासन निर्णयाची … शाळेतील (यूडायस क्र. …) अंमलबजावणी. कालावधी : 21.8.2024 ते अर्जाचा दिनांक. (1) आपल्या कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी या शाळेस दिलेल्या भेटींच्या तपासणी अहवालांच्या प्रती, अधिकाऱ्याचे नाव, पदनाम व भेटीच्या दिनांकासह. (2) सीसीटीव्ही, चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी व सखी सावित्री समितीबाबत शाळेने आपल्या कार्यालयास सादर केलेल्या अहवालांच्या प्रती. (3) त्रुटींबाबत शाळेस दिलेल्या नोटिसा व त्यावरील कारवाईच्या प्रती.”

यात ‘का’ कुठेही नाही, हे पाहा. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्क्याशिवाय टेबलावरून उठू नका.

तीस दिवसांत बहुधा दोनपैकी एक उत्तर येतं. एक, ‘माहिती शाळास्तरावर उपलब्ध आहे’ आणि सोबत मुख्याध्यापकांना पाठवलेलं पत्र. हे मान्य करू नका. तुम्ही शाळेचे नव्हे, कार्यालयाचे कागद मागितले होते. तीस दिवसांच्या आत वीस रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील करा आणि सुनावणीत एवढंच म्हणा: कागद असेल तर द्या, नसेल तर नाही असं लेखी द्या. दुसरं उत्तर म्हणजे ‘असा अभिलेख उपलब्ध नाही’. पुष्कळ पालक इथे निराश होतात. माझ्या मते हातात येऊ शकणारा सगळ्यात मोलाचा कागद हाच. तपासणी झाल्याचा एकही पुरावा कार्यालयाकडे नाही, हे त्याच कार्यालयाने सही करून कबूल केलेलं असतं. पहिल्या अपिलातही दाद मिळाली नाही, तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. पण तिथल्या तारखेची वाट पाहत पुढचं काम अडवू नका.

स्कूलबसचं खातं वेगळं. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूलबस नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी. बसचं फिटनेस प्रमाणपत्र आणि परवाना यांची माहिती आरटीओकडे मागा, एमएच-04 ठाण्याकडे, एमएच-05 कल्याणकडे.

कागद हातात आले की नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी भरणारा लोकशाही दिन गाठा. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तक्रार वैयक्तिक लागते, सामुदायिक निवेदन परत येतं. म्हणून दहा पालकांनी दहा स्वतंत्र अर्ज द्यावेत. प्रत्येकाला माहिती अधिकारातलं उत्तर जोडा आणि मागणी एकच ठेवा: अमुक शाळेची तपासणी अमुक पदावरच्या अधिकाऱ्याने अमुक तारखेच्या आत करून अहवालाची प्रत द्यावी. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या 2021 च्या शाळा सुरक्षा मार्गदर्शक सूचना लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितलं आहे, तो उल्लेख अर्जात करा. शाळा व्यवस्थापनाची जबाबदारी निश्चित करणाऱ्या सूचना त्याच. एक प्रत मुंबईतल्या राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला पाठवा; पॉक्सोच्या कलम 44 ने कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवण्याचं काम आयोगाकडेही दिलेलं आहे.

मागणीत दिलेली तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी तोच माहिती अधिकाराचा अर्ज, नव्या कालावधीसह, पुन्हा टाका. जूनमध्ये वर्ग बदलतात, ठेकेदार बदलतो, नवे मदतनीस येतात. त्यामुळे शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तो परत द्यावा लागतो. मूळ मसुदा आणि आवक शिक्क्याच्या सगळ्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा. तुमचं मूल पुढच्या शाळेत गेलं की ती फाइल बालवर्गातल्या एखाद्या पालकाच्या हाती द्या.