पेट्रोलची मालमोटार आणि उभी धुराडी

शेतात नांगरट करणाऱ्या ट्रॅक्टरच्या एंजिनावर आभाळाकडे तोंड करून उभी असलेली नळी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. एंजिनातील जळलेला वायू, म्हणजेच निष्कास वायू, ती चालकाच्या डोक्याच्या वर नेऊन सोडते. अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या डीझेल मालमोटारींवरही केबिनच्या मागे अशाच नळ्या उभ्या दिसतात. या रचनेला सबळ कारणे आहेत. ट्रॅक्टरची तप्त नळी जमिनीलगत असती, तर वाळलेल्या काडाला आग लागण्याची भीती राहिली असती आणि धुळीचा लोट सतत उठत राहिला असता. जोडगाडी ओढणाऱ्या मालमोटारीच्या बाबतीत, मागील जोडणीची जागा मोकळी राहावी आणि निष्कास वायूचा झोत जोडगाडीवर अथवा शेजारी उभ्या असलेल्या माणसांवर येऊ नये, हा हेतू असतो. थोडक्यात, धुराडे उभे करण्याचा प्रश्न हा मुळात वायू कोठे सोडावा याचा प्रश्न आहे.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मालमोटारीला, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपला, अशी गरज सहसा नसते. तरीही मोठ्या मालमोटारीचे रूप यावे म्हणून तिच्यावर उभी धुराडी बसविण्याची हौस अमेरिकेत बरीच जुनी आहे. डॉज कंपनीने १९७८ आणि १९७९ या दोन वर्षी ‘लिल रेड एक्स्प्रेस’ नावाची लाल रंगाची पिकअप कारखान्यातूनच अशा धुराड्यांसह बाजारात आणली. तिच्यात ५.९ लिटर क्षमतेचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन होते आणि केबिनच्या मागे दोन्ही बाजूंना क्रोमचा मुलामा दिलेल्या नळ्या उभ्या होत्या. हे उदाहरण पुढील विवेचनात आपल्याला उपयोगी पडेल.

नळी उभी केल्याने शक्ती वाढते काय?

घरातील धुराड्यात गरम धूर हलका असल्याने वर जातो व आपल्यामागून हवा ओढतो. मोटारीतही असेच घडून एंजिनाचे काम हलके होत असावे, असा समज आढळतो. थोडा हिशेब केल्यास त्यातील तथ्य कळते. दोन मीटर उंचीच्या नळीत ४०० अंश सेल्सिअस तापमानाचा वायू आहे असे मानू. त्याची घनता बाहेरील हवेच्या निम्म्याहूनही कमी असते आणि त्यामुळे निर्माण होणारा ओढीचा दाब सुमारे १३ पास्कल भरतो. पाण्याच्या भाषेत सांगावयाचे तर हा दाब सव्वा मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका झाला. याउलट, पूर्ण भाराखाली सायलेन्सर व नळ्यांतून वायू ढकलताना एंजिनाला जो उलट दाब सोसावा लागतो, तो १०,००० पास्कलांच्या घरात असतो. म्हणजे धुराड्याची ओढ त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्शाएवढीच आहे. शिवाय नळी वर वळविण्यासाठी एक-दोन जादा वाकणे घ्यावी लागतात व प्रत्येक वाकणाने अडथळा वाढतो. उभ्या नळीमुळे शक्ती मिळत नाही. ती गमावली जाऊ नये एवढीच काळजी घ्यावयाची असते.

नळीचा व्यास

आता नळी केवढी असावी ते पाहू. चार घातांच्या एंजिनातील प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदा भरतो. मिनिटाला ४,००० फेरे करणारे ५.९ लिटरचे एंजिन, सिलिंडर पूर्ण भरतात असे धरल्यास, मिनिटाला सुमारे ११,८०० लिटर हवा घेते. हाच वायू ६०० अंशांना बाहेर पडताना जवळजवळ तिप्पट जागा व्यापतो, म्हणजे सुमारे ३४,००० लिटर. तो आतून ५७ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांतून गेला, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ११० मीटर होतो. तोच १२५ मिलिमीटर व्यासाच्या दोन नळ्यांतून गेला, तर वेग अवघा २३ मीटर राहतो.

यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक, एंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा मार्ग मूळ व्यासाचाच ठेवणे सहसा पुरेसे असते. दोन, दिसायला भव्य असलेली जाड नळी केवळ शेवटच्या उभ्या भागात घ्यावी. सगळा मार्गच जाड केल्यास वायू रेंगाळतो, लवकर थंड होतो व नळीत पाणी धरते. वाकणे घेताना नळीचे पोट चेपले जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. जुने कारागीर नळीत कोरडी वाळू ठासून भरून मगच ती तापवून वाकवीत असत, ते याच कारणासाठी.

उष्णता, हादरे आणि पाणी

पोलादाची दोन मीटर लांबीची नळी ४०० अंशांनी तापली की सुमारे साडेनऊ मिलिमीटरांनी लांबते. तिला खाली आणि वर दोन्हीकडे पक्के जखडले, तर ती स्वतःचाच कंस तोडते अथवा जोड फाडते. म्हणून खालचा आधार घट्ट व वरचा आधार नळीला सरकू देणारा असावा. दुसरी अडचण हादऱ्यांची आहे. एंजिन रबरी आधारांवर डोलत असते. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसविलेले असल्याने खडबडीत रस्त्यावर एकमेकांपासून निराळे हलतात. धुराडे अर्धे केबिनला व अर्धे हौद्याला बांधणे म्हणजे त्याला रोज पिळणे होय. त्याचा भार चासीवरून उभारलेल्या एकाच चौकटीवर यावा, आणि एंजिनाकडील बाजूला लवचीक नळीचा एक तुकडा घालावा.

पेट्रोल एंजिनाच्या निष्कास झडपेजवळ पूर्ण भाराखाली तापमान ८०० अंशांच्या वर जाते. डीझेल एंजिनाचा वायू सामान्यतः याहून थंड असतो. म्हणून डीझेल मालमोटारीवरील रचना पाहून अंतरे ठरविणे धोक्याचे आहे. इंधनाची नळी, ब्रेकची नळी व विजेच्या तारा यांपासून पुरेसे अंतर ठेवावे आणि हौद्यातील माल किंवा माणसाचा हात नळीला लागू नये म्हणून सच्छिद्र पत्र्याचे कवच बसवावे.

पाण्याचा विचारही हवाच. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. एंजिन थंड असताना त्यातील काही भाग नळीतच निवतो. आडव्या नळीतून तो बाहेर ठिबकतो. उभ्या नळीतून तो परत खाली उतरतो. त्यात पावसाची भर पडते. १२५ मिलिमीटर व्यासाच्या उघड्या तोंडातून १०० मिलिमीटर पावसाचे सव्वा लिटर पाणी आत जाते. साचलेले पाणी सायलेन्सर आतून गंजविते. म्हणून तोंड मागे वळवावे किंवा त्यावर वायूच्या जोराने उघडणारे झाकण बसवावे, आणि सर्वांत खालच्या वाकणात, केबिनपासून दूरच्या बाजूस, एक बारीक छिद्र ठेवावे.

केबिनमधील माणूस

आतापर्यंतच्या चुका यंत्राचे नुकसान करणाऱ्या होत्या. पुढची चूक मात्र माणसाच्या जिवावर बेतते. पेट्रोलच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. डीझेल एंजिनात हवा गरजेपेक्षा अधिक असल्याने तो बराच कमी असतो. पेट्रोल एंजिनात, विशेषतः ते थंड असताना, त्याचे प्रमाण पुष्कळ असते. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक आवेगाने बांधला जातो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यासारखीच असतात, आणि चालक त्यांचा अर्थ तसाच लावतो.

मूळ नळीचे तोंड गाडीच्या शेपटाशी असते. उभ्या धुराड्याचे सर्व जोड मात्र केबिनच्या पाठीशी येतात. गाडी धावत असताना केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो. तेथील एखाद्या सैल जोडातून निसटलेला वायू त्याच भोवऱ्यात घुटमळतो व मागील खिडकीतून किंवा रबरी पट्टीच्या फटीतून आत शिरतो. म्हणून धुराड्याचे तोंड केबिनच्या छताच्या वर असावे व ते मागे वळलेले असावे. जोड शक्यतो वेल्डिंगचे असावेत. काम संपल्यावर, एंजिन बंद व थंड असताना, नळीत हलक्या दाबाची हवा सोडून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. जेथे बुडबुडा उठेल तेथे गळती आहे. केबिनमध्ये या वायूची सूचना देणारे उपकरण लावणे हा खर्च मुळीच वायफळ नव्हे.

याच संदर्भात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा विचार करावा लागतो. मौल्यवान धातूंचा लेप दिलेल्या जाळीतून वायू जाताना या उपकरणात कार्बन मोनॉक्साइडचे बहुतांश रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये होते. १९७८ ची ‘लिल रेड एक्स्प्रेस’ ही गाडी ६,००० पौंडांवरील वजनगटात मोडत असल्याने तिला हे उपकरण लावण्याचे बंधन नव्हते; १९७९ च्या गाडीत ते आले आणि तिला शिसेविरहित पेट्रोल लागू लागले. धुराडी मात्र दोन्ही वर्षी तीच होती. म्हणजे उभे धुराडे आणि कन्व्हर्टर यांच्यात विरोध नाही. हे उपकरण सुमारे २५० ते ३०० अंश तापल्यावरच नीट काम करते. तेव्हा ते एंजिनाजवळ मूळ जागीच ठेवावे आणि सर्व फेरफार त्याच्या मागे करावेत. ऑक्सिजन मापकाच्या आधी गळती राहिल्यास बाहेरची हवा आत ओढली जाते, मापक फसतो, आणि एंजिन गरजेहून अधिक पेट्रोल जाळू लागते.

कायद्याची दिशाही हीच आहे. अमेरिकेत १९९० च्या दुरुस्तीनंतर कोणाही व्यक्तीला हे उपकरण काढून टाकण्यास मनाई आहे. भारतात शिसेविरहित पेट्रोलसह या उपकरणाची सुरुवात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या मोटारींपासून झाली. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर मर्यादा घालते. म्हणून हत्यार हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हे कामाचे पहिले पाऊल होय.

उभे धुराडे बसविणे ही अवघड कारागिरी नाही. चांगल्या वेल्डरला ती एक-दोन दिवसांत जमते. परंतु नळीचे तोंड हलविले की उष्णता, पाणी, भार आणि विषारी वायू या चौघांचेही मार्ग बदलतात, हे विसरता कामा नये. या चारही मार्गांचा हिशेब ज्याने आधी मांडला, त्याची धुराडी शोभेची असूनही निर्धोक राहतील.