संगणकीय अर्जाची समीक्षा : काही कसोट्या

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून अर्ज करण्याची सोयही झाली. मात्र परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यावरच ही मुदत मोजली जाते. अर्ज भरणेच ज्याला साधले नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. म्हणूनच अर्जाच्या रचनेची समीक्षा हे लोकहिताचे कार्य होय.

समीक्षेचा पहिला प्रश्न, वापरणारा कोण, हा असावा. सोलापूरचे उदाहरण घेऊ. यंत्रमाग व विडी हे येथील जुने उद्योग असून विडी वळणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषा येथे घरोघरी बोलल्या जातात. समजा, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी एक विडी कामगार भगिनी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरीत आहे. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यापाशी ती थबकते. कारण तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते.

येथे ‘अर्ज किचकट आहे’ असे म्हणणे हा केवळ अभिप्राय झाला. कोण, कोठे, कशामुळे अडले व त्याचा परिणाम काय झाला, हे सांगणे ही समीक्षा होय. कारण स्पष्ट झाले की उपायही सुचतो : वर्षाचा आकडा कसा काढावा, हे रकान्याखाली एका उदाहरणाने सांगता येईल.

याकामी याकोब निल्सन व रॉल्फ मोलिक यांनी १९९० मध्ये मांडलेली तज्ज्ञ-परीक्षणाची पद्धत उपयुक्त ठरते. शब्द वापरणाऱ्याच्या परिचयाचे आहेत काय? काम कोठवर आले, हे दिसते काय? चूक मागे घेता येते काय? ‘अवैध नोंद’ एवढेच न सांगता चूक कोणती व ती कशी सुधारावी, हे सांगितले जाते काय? असे प्रश्न प्रत्येक पानास विचारावेत.

तथापि, तज्ज्ञाची नजर पुरेशी नसते. निरनिराळ्या वस्त्यांतील चार-पाच जणांना त्यांच्याच मोबाइलवर अर्ज भरावयास सांगावे. ‘परीक्षा अर्जाची आहे, आपली नव्हे’ हे प्रथम स्पष्ट करावे. मध्येच मदत करू नये; ते कोठे थांबतात, ते टिपावे. सेवा केंद्रात अर्ज दुसराच भरीत असेल, तर अर्जदार भगिनीच्या हाती फक्त पोचपावती येते. तेव्हा तीही तपासावी.

शेवटी दोषांची प्रतवारी करावी. काम थांबविणारे दोष प्रथम, विलंब लावणारे त्यानंतर आणि केवळ डोळ्यांना खटकणारे सर्वांत शेवटी मांडावेत. जे उत्तम आहे त्याचीही नोंद घ्यावी, म्हणजे दुरुस्तीत ते नाहीसे होणार नाही. अडचण पडद्याची नसून मागितलेल्या कागदपत्राची असेल, तर तसे स्पष्ट नमूद करावे. नियमातील अडचण रंग व अक्षरे बदलून सुटत नाही.

वापरणाऱ्याच्या अडचणीस अज्ञान न मानता रचनेतील उणीव मानणे, हीच समीक्षकाची खरी दृष्टी होय.